अर्धा चमचा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर खूप थट्टा केली आहे, तेव्हा तुम्ही माझी केलीत तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत ऐका.

आम्ही पनवेलला खाडीजवळ भाड्याने राहतो. मी तळोज्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. त्या सकाळी आमच्या साडेतीन महिन्यांच्या रियाला लस देऊन आणली आणि माझी बायको कीर्ती दुकानात कामाला गेली. बाळंतपणाची रजा संपून तिचा तो पहिलाच दिवस. जाताना पुन्हा पुन्हा म्हणाली, "ताप आला तर आधी मला फोन कर." मी म्हटलं, "अगं, बाप आहे मी तिचा, पाहुणा नाही."

दुपारी रिया तापली. आधी किरकिरली, मग रडरड रडली, आणि मग रडून दमली. ते गप्प होणं मला रडण्याहून वाईट वाटलं. त्यातच वीज गेली. पंखा थांबला तसा ओहोटीच्या चिखलाचा वास घरात भरला. गल्लीत चिटपाखरूही नव्हतं.

तापाच्या थेंबांची बाटली सापडली, ड्रॉपर काही सापडेना. माझ्या पुतण्याला, अथर्वला, ताप आला की वहिनी चमचाभर औषध देते. तो चार वर्षांचा, ही एवढीशी. म्हणजे हिला अर्धा चमचा. रियाला मांडीवर घेतलं आणि चमच्यात औषध ओतलं.

"पोरीचा वजन किती हाय, दादा?"

मागच्या दारात एक कोळीण उभी होती. लुगडं नेसलेली, कमरेवर रिकामी पाटी.

"मावशी, आज मासे नकोत."

"मावरा नाय इकत आता..." ती हळूच म्हणाली. "वजन किती हाय?"

"माहीत नाही."

"मंग माप कशान ठरवलास?"

मला रागच आला. कोण कुठली बाई, माझ्याच घरात माझी उलटतपासणी घेते! पण हात थांबला. कंपनीत टाकीत काही सोडायचं तर मी दोनदा मोजून बघतो. इथे एकदाही मोजलं नव्हतं. चमचा खाली ठेवला आणि कीर्तीला फोन लावला.

"अर्धा चमचा?" ती किंचाळलीच. "कुंदन, अथर्वचं सिरप वेगळं. हे थेंब त्याच्यापेक्षा कितीतरी कडक असतात! सकाळी वजन करून डॉक्टरांनी ड्रॉपरवर खूण करून दिलीय. धुऊन ताटाळ्यात ठेवलाय बघ. खुणेच्या वर थेंबभरही नको. आणि किती वाजता दिलंस ते लक्षात ठेव, सहा तास पुन्हा द्यायचं नाही. मी निघतेच."

ड्रॉपर खुणेपर्यंत भरला. रियाच्या गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू औषध सोडलं. तिने गिळलं, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तिला झोळीत ठेवून झोप लागेपर्यंत, चांगला अर्धा तास झोके दिले; मग ती बाई आठवली आणि तिचे आभार मानायला वळलो.

मागच्या दाराला आतून कडी होती.

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती.

"दिसभर हातान तराजू..." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आक्ख्या बाजाराला मापून दिला. घरी बालाला ताप भरला, तवा औषद... अदमासान दिला."

मला भीती वाटलीच. तरी खरं सांगतो, त्याहून जास्त माझा जीव तिच्यासाठी तुटला. आत्ता तिच्या जागी मी असतो.

तिने पदराआडून दोन्ही हात पुढे केले. हातांत काहीच नव्हतं.

"याचा वजन सांग ना, दादा... या टायमाला मापून देतंय."

मी हात पुढे केले. का, ते विचारू नका. काही दिसलं नाही, पण हातांवर भार आला. मऊ, सैल, आणि गरम.

"अंदाजाने नाही सांगणार, मावशी," मी कसंबसं म्हटलं. "डॉक्टरकडे... नेऊ याला."

"नेशील?"

"नेतो."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि शेजारची जागा रिकामी झाली. कीर्ती धावत आत आली. रियाच्या कपाळाला घाम फुटला होता, ताप उतरत होता. कीर्तीने तिला उराशी धरलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हात असे का धरलेस? खाली कर ना."

मला ते खाली करता येईनात. तिने माझ्या कोपराच्या खोबणीत, जिथे बाळाचं डोकं टेकतं, तिथे बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. तिथली कातडी तापून लाल झाली होती, आणि हातांवरच्या त्या न दिसणाऱ्या बाळाचा ताप वाढतच होता.