हातभर तोकडा बांबू

या गोष्टीत अमावस्या नाही, पिंपळ नाही. भर दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात घडलेली आहे. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. ज्याच्या बाबतीत घडली तो ट्रेलरवाला माझा सख्खा मामेभाऊ. खोटंच सांगायचं असतं, तर स्वतःची लाज राखणारं काहीतरी रचलं असतं त्याने.

त्याचं काम म्हणजे पोकलेन, ते खोदकामाचं मशीन, एका साइटवरून दुसरीकडे पोचवायचं. पुढे जीप, मागे ट्रेलर. जीपला उभा बांबू बांधलेला, ट्रेलरवरच्या मशीनपेक्षा वीतभर उंच. तो रस्त्यावरच्या विजेच्या तारेला टेकला नाही तर ट्रेलर खुशाल जाणार. टेकला, टक् वाजलं, की जागच्या जागी थांबायचं.

जीप त्याचा थोरला भाऊ चालवायचा. दादा.

गेल्या वर्षी मोठं मशीन आलं. दादा म्हणाला, "नवा बांबू काप रे, जुना पुरायचा नाही."

"कापला, बांधलासुद्धा," याने थाप मारली. कंटाळा, दुसरं काय! हातभराने काय आभाळ कोसळणार होतं?

बांबू तारेखालून सुटला. मशीन अडकलं. तार तुटली आणि जीपमधून उतरून हात दाखवणाऱ्या दादावर पडली. तो जागीच गेला.

लोक म्हणाले, दादाचंच माप चुकलं. हा गप्प बसला. वहिनीसमोरही.

पुढे जीप वहिनीने हाती घेतली. दिराला कधी वाकडा शब्द बोलली नाही. तेच त्याला खायचं.

वर्षाने तोच रस्ता, तेच मशीन. बांबू मात्र नवा, याने तीनदा मोजलेला.

फोनवर वहिनी म्हणाली, "मोकळं आहे भाऊजी, या."

त्याने गिअर टाकला...

टक्.

करकचून ब्रेक. "वहिनी, बांबू लागला?"

"नाही हो. तार कितीतरी वर आहे."

पुन्हा निघाला...

टक्.

मग सगळे आवाज बंद झाले. इंजिनाचासुद्धा...

जीपमागे कोणीतरी पाठमोरं उभं होतं. बांबू मोजत. एक हात, दोन हात... शेंड्यापर्यंत. तिथवर कुठल्या माणसाचा हात पुरत नाही.

त्याचा पुरला.

आणि मग शेंड्याच्या वर, रिकाम्या हवेत, आणखी एक हात...

हा खाली उतरला. जीपमागे कोणी नव्हतं. वहिनी तेवढी धावत आली.

"काय झालं भाऊजी? पांढरेफटक पडलात!"

हा भर रस्त्यात तिच्या पायाशी बसला आणि ओक्साबोक्शी रडला. "मी मारलं दादाला, वहिनी. मी नवा बांबू कापलाच नव्हता."

ती चिडली नाही.

"माहितीये मला. त्यांनीच सांगितलं, गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी. रोज जीपमध्ये शेजारी बसायचे. म्हणाले, तो आपल्या तोंडाने कबूल करेपर्यंत मी आहे. मग जाईन."

तिने जीपकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणून तर तुम्हाला कधी काही विचारलं नाही मी."

आणि ती मटकन खाली बसली.

"कशाला बोललात हो, भाऊजी?"

मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. दोघंही उठली नाहीत.

दादाने माफ केलं की नाही, हे धाकट्याला आजही कळलेलं नाही. आता विचारणार तरी कोणाला?

वहिनी अजून जीप चालवते. परवा मी तिच्या शेजारी बसायला गेलो, तर म्हणाली, "तुम्ही मागे बसा."

मी निमूट मागे बसलो.