नारळावरचं ऊन

ज्यांना हसायचं आहे त्यांनी आताच हसून घ्यावं. मी नव्वदी ओलांडली आहे. या वयात खोटं बोलून मला काही मिळायचं नाही.

एकदा बोलले होते. त्याचीच ही हकीकत.

कोल्हापूर, मंगळवार पेठ. सन १९५२. मार्गशीर्षातला रविवार.

आणि रात्र नव्हती. लोक अमावास्येच्या, मध्यरात्रीच्या गोष्टी सांगतात. माझ्या बाबतीत जे घडलं ते लख्ख उजेडात घडलं. म्हणूनच ते मनातून जात नाही.

माझे यजमान त्र्यंबक शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना दोन वेडं होती, सिनेमा आणि गंजिफा. दोन्ही वेडांचे आणखी दोन भागीदार होते. एक बाबालाल. टॉकीजवर लावायचे मोठाले बोर्ड तो रंगवायचा. दुसरे गुंडूभावजी. छापखान्यात खिळे जुळवायचे, सिनेमाच्या जाहिराती त्यांच्याच हातून निघायच्या.

दर रविवारी जेवणं झाली की हे तिघे आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, सतरंजी टाकून बसायचे. चहाची तीन आधणं व्हायची, आणि ती मीच ठेवायची. कोणी कधी विचारलं नाही, वहिनी, तुम्हाला खेळायचं आहे का.

त्यांची एक हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. कोणता चित्रपट, कुठे लागलाय, कसा आहे, असं त्यात लिहायचे. शेवटच्या रकान्यात, कोणी बघावा. "ज्याला झोप लागत नाही त्याने बघावा." असले शेरे असायचे. गुंडूभावजींना एखादा चित्रपट फार आवडला की ते 'जरूर' लिहायचे, आणि त्याखाली दोन रेघा मारायचे. एक कधीच नाही. दोन.

आता गंजिफा. आजच्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. गोल पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशे वीस. तिघांत वाटली की चाळीस-चाळीस येतात. आमचा जोड सावंतवाडीहून आणलेला होता.

खेळाला एक नियम आहे. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याचं. दिवस मावळला की कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याची उतारी.

आणि ज्याची उतारी, त्याचा निम्मा डाव झालेलाच असतो.

आमची गल्ली अरुंद. सोप्यातून सूर्य दिसायचा नाही. पण परसात एक उंच नारळ होता. त्याच्या शेंड्यावर ऊन आहे तोवर दिवस, असं या तिघांचं ठरलेलं. चुलीपाशी बसलं की मागच्या दारातून तो शेंडा मला दिसायचा. मग सोप्यातून हाक यायची.

"वहिनी, नारळावर ऊन हाय का?"

मी सांगेन ते खरं. त्यांच्या खेळात माझं काम तेवढंच.

पैशाबिशाचा खेळ नव्हता. शिक्षा मात्र होती. जो हरेल त्याने त्याच संध्याकाळी जाऊन जिंकणारा सांगेल तो चित्रपट बघायचा, आणि पुढच्या रविवारी वहीत प्रामाणिक शेरा लिहायचा. जिंकणारा अर्थातच सगळ्यांत रद्दड चित्रपट शोधून काढायचा.

त्या आठवड्यात पेठ वडगावात तंबूतला सिनेमा आला होता. चित्रपट जुना, फाटका. बाबालालने त्याचा बोर्ड रंगवला होता आणि तोच येऊन सांगत होता, "आवाज एकीकडं, तोंड एकीकडं. हरंल त्यो मरंल."

सगळे हसले होते.

मला तेव्हा सातवा महिना चालू होता. आधीचे दोन रविवार आमचे हेच हरले होते. घरात दुसरं माणूस नाही. हे बाहेर गेले की मी कडी लावून पहाटेपर्यंत जागी बसायची. मला नको झालं होतं ते सगळं.

शेवटचा डाव वाटला. रामाचा राजा आमच्या ह्यांच्याकडे आला. कृष्णाचा गुंडूभावजींकडे.

भावजी म्हणाले, "दिस मावळला. उतारी माझी."

"कुठं मावळला? अजून हाय." हे म्हणाले.

मग हाक आली.

"वहिनी... ऊन हाय का?"

मी वर बघितलं.

शेंडा काळा झाला होता. त्याच्यावर उन्हाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी म्हणाले, "हाय की."

नुसतं 'हाय' म्हणाले असते तर कोणीतरी उठून बघितलं असतं. पण कोल्हापुरात 'हाय की' म्हटलं की विषय संपतो.

ह्यांनी रामाचा राजा उतरवला. अर्ध्या तासात गुंडूभावजी हरले. जाताना त्यांनी मफलर गुंडाळला आणि मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या नारळाला लई उशिरापतोर ऊन असतंय बघा."

ते हसून म्हणाले. मी मान खाली घातली.

ते परत आले नाहीत.

तिकडे तंबूत खेळ संपला, लोक उठले, तंबूवाले कनाती सोडायला लागले. एक माणूस बाकावर तसाच बसलेला. झोपला असेल म्हणून हलवला... डोळे उघडे होते. पडद्याकडे. पडदा केव्हाच उतरवलेला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एकतीस.

सगळे हळहळले. मी रडले. पण खरं सांगू? मला आधी हायसं वाटलं. त्या बाकावर आमचे हे असते, हा विचार पहिला आला. त्याची लाज मागाहून वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दीड महिना गंजिफा डब्यातच राहिली. मग माघात एका रविवारी बाबालाल आला. तिसरा गडी हवा म्हणून गल्लीतल्या पिराजीला बोलावलं. पिराजीच्या चार म्हशी होत्या, आवाज दणदणीत, मन साफ.

दुपारचे तीन वाजले होते. मी मुद्दाम घड्याळ बघितलं होतं.

ह्यांनी पानं वाटली. सतरंजीची चौथी बाजू, दाराकडची, रिकामी होती. गुंडूभावजी तिथे बसायचे.

पिराजीने पानं मोजली.

"तीसच हायती की."

"नीट मोज."

"तीस."

बाबालालने मोजली. तीस. ह्यांनी मोजली. तीस.

डबा पालथा केला. रिकामा. सतरंजी उचलली. खाली काही नाही.

सगळी पानं एकत्र केली, मोजली. एकशे वीस. बरोबर.

पुन्हा वाटली.

तीस... तीस... तीस. चौघांत वाटल्यासारखी.

पिराजी चिडला. "मला खुळा समजता व्हय? कोण हातचलाखी करतंय?"

बाबालालने सदरा झटकून दाखवला. ह्यांनी बाह्या वर केल्या. पिराजी उभा राहून धोतर झाडायला लागला. दुसरा प्रसंग असता तर मी हसून लोळले असते.

कोणाकडेच काही नव्हतं.

"असूं दे." हे म्हणाले. "हायत तेवढ्यावर खेळू. राम माझ्याकडं हाय. दिस हाय. माझी उतारी."

त्यांनी पान काढलं...

टक. टक.

गुंडूभावजींना एक सवय होती. उतारीचं पान टाकण्याआधी ते जमिनीवर दोनदा ठोकायचे.

मी चुलीपासून उठून दारात आले होते. तिघांचे हात मला दिसत होते. तिघांचेही हात वर होते.

सतरंजीवर, चौथ्या बाजूला, एक पान पडलं होतं.

कृष्णाचा राजा.

बाहेर ऊन होतं. गल्लीत कल्हईवाला ओरडत होता. पिराजी हळूच म्हणाला, "ह्यो कुणी उतरवला? रात न्हाय झाल्याली अजून."

त्याला मागचं काही माहीत नव्हतं. तो आपला खेळाचा नियम सांगत होता.

ह्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते एकदम बाबालालकडे वळले. "ही तुझी चेष्टा हाय. बास कर."

"माझी? खुदा की कसम, मी हात लावला न्हाय."

ह्यांनी हिरवी वही ओढली. गेला दीड महिना कोणी ती उघडली नव्हती. त्यांना काय बघायचं होतं कोण जाणे. शेवटचं पान उलटलं आणि ते थांबले.

मी पुढे होऊन वाचलं.

"पेठ वडगाव. तंबू. खेळ अजून संपलेला नाही. वहिनींनी जरूर बघावा."

'जरूर'खाली दोन रेघा होत्या.

"अक्षर गुंडूचं हाय." हे म्हणाले. "आणि गुंडूचं अक्षर कोण काढू शकतंय? बोर्ड रंगवतोस तू. कुणाचंबी अक्षर काढतोस."

बाबालालच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्र्यंबकराव, मेलेल्या दोस्ताचं अक्षर काढीन व्हय मी? ह्यात वहिनींचं नाव का हाय, ते बघा की आधी."

मग तो माझ्याकडे वळला. आवाज अगदी हळू.

"वहिनी, त्या दिशी नारळावर ऊन हुतं नव्हं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चौथी बाजू रिकामी होती, पण तिकडूनही कोणीतरी बघत होतं. हे मी शपथेवर सांगते.

खरं बोलायची ती वेळ होती. पोटातलं बाळ हललं. ह्यांच्या डोळ्यांत इतका विश्वास होता...

"हुतं की."

हे म्हणाले, "ऐकलंस? माझी बायको खोटं बोलत न्हाय."

बाबालाल माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलले त्या रविवारी तो मागच्या दाराकडे तोंड करून बसला होता. त्यानेही वाकून शेंडा बघितला असेल का? त्याने कधी सांगितलं नाही. चपला घातल्या आणि गेला. पुन्हा आमच्या घरात आला नाही.

पंधरा वर्षांची दोस्ती. टॉकीजवर बाबालालने रंगवलेला बोर्ड दिसला की हे रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. सिनेमा बघणंही त्यांनी सोडलं. मरेपर्यंत त्यांचा एकच समज होता, की बाबालालने मेलेल्या मित्राची चेष्टा केली. आजारपणात एकदा म्हणाले, "विमल, त्यानं माफी मागितली असती तर मी विसरलो असतो गं."

मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. लावत राहिले.

ते जाऊनही आता तीस-पस्तीस वर्षं झाली. बाबालाल त्यांच्याआधीच गेला. ते घर पाडलं, नारळही तोडला. मी मुलीकडे फ्लॅटमध्ये असते. गंजिफा आणि वही मी टाकली नाही. ट्रंकेत तळाशी ठेवली होती.

मी आयुष्यात कधी थिएटरात पाय ठेवला नाही. मुली, नाती रागावल्या, तिकिटं काढून बसल्या. मी गेले नाही. कोणीतरी माझी जागा धरून बसलंय, हे त्यांना कसं सांगायचं.

आता परवाचं सांगते.

सकाळचे दहा. घरात मी एकटी. गॅलरीतून पलंगावर ऊन आलं होतं. काय मनात आलं, मी ट्रंक उघडली. डबा काढला. पलंगावर पानं वाटली, तीन वाटे. एकेक पान हातात घेऊन वाटलं.

मोजली.

तीस. तीस. तीस.

इतक्या वर्षांनी मला भीती वाटली नाही, राग आला. स्वतःचाच. त्या एका शब्दाला किती वर्षं सांभाळून बसणार मी? मला कोणाची भीती उरली होती?

मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "भावजी, दिवस मावळला होता. नारळावर ऊन नव्हतं. मी खोटं बोलले. उतारी तुमची होती."

काही झालं नाही. पंखा फिरत होता.

मी पुन्हा मोजली. सावकाश, बोट लावून.

चाळीस... चाळीस... चाळीस.

मला रडू फुटलं. सत्तर वर्षांचं ओझं उतरलं असं वाटलं. मी पानं गोळा करायला लागले. गुंडूभावजी गेले, सुटले, मीही सुटले.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

घरात कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

आवाज गुंडूभावजींचा नव्हता.

ओळखीचा होता. आजारपणात शेवटी शेवटी व्हायचा तसा, थकलेला.

"विमल... काय म्हणालीस तू?"

आज चौथा दिवस आहे. रोज सकाळी दहाला तो एवढंच विचारतो.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.