आठव्या मशीनचं झाकण

या, टेका. सांगतो तुम्हाला. खोटं वाटलं तर उठून जा, पण मध्ये हसू नका.

दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा. कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम. धाकट्याला पेचकस धरायला थोरल्यानंच शिकवलं. एक शिस्तही लावली होती. मशीन उघडलं की झाकणाच्या आतून कागदी टेप लावायची आणि त्यावर तारीख, काय केलं ते लिहायचं.

ग्रंथालयाच्या तळघरातली आठ जुनी मशीनं यांच्याकडे देखभालीला होती. काल सकाळी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "नोंदींचा बॅकअप घेणारा नवा प्रोग्रॅम आलाय. त्याला चार जीबी रॅम लागते. पाचपर्यंत आठही मशीनं तपासणीत पास झाली तर काम तुमचं. नाहीतर बाहेरच्या एका कंपनीला देणार."

थोरला निर्धास्त. प्रत्येक मशीनमध्ये दोन-दोन जीबीच्या दोन रॅम त्यानंच बसवलेल्या. धूळ झाडायची, डिस्कवर जागा करायची, झालं.

पहिलं मशीन उघडलं. एक रॅम गायब. झाकणाच्या आत टेप. धाकट्याचं अक्षर, तारीख त्याच दिवसाची. 'एक रॅम काढली.'

"काय रे हे?"

"दादा, मी हात नाही लावला. आईशप्पथ."

तेही खरंच वाटत होतं. स्क्रूंना गंज, झाकणावर बोटभर धूळ. उघडणार कोण?

दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच.

थोरल्यानं त्याला समोर बसवलं. "हात टेबलावर ठेव. हलवलेस तर बघ."

चौथं उघडलं. तेच अक्षर. थोरल्यानं अंगठा फिरवला, तर शाई ओली.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "दादा... ठरवलं होतं मी. कंपनीवाले नोकरी देतो म्हणाले. एकेक रॅम काढून ठेव, म्हणाले. पण हिंमत नाही झाली. केलं नाही रे मी!"

थोरल्यानं पाचव्या मशीनला पेचकस लावला. ज्याला आपल्या ताटातलं आधी वाढलं, त्यानं हे ठरवलं होतं. बास. आणखी काय करायचं राहिलं?

पाचवं, सहावं, सातवं. तेच. धाकटा रडत निघून गेला.

आठवं एकट्यानंच उघडलं.

दोन्ही रॅम जागच्या जागी.

टेप होती.

अक्षर थोरल्याचं. तारीख दुसऱ्या दिवसाची, म्हणजे आजची.

'भाऊ संपवला.'

वाचेपर्यंत असलं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. मला पक्कं ठाऊक आहे, नव्हतं. पण कालपासून दुसरं काही डोक्यात येतच नाही.

मघाशी धाकट्याचा फोन आला. माफी मागायला इकडेच येतोय. तुम्ही दाराशी बसलाय ना? त्याला आत येऊ देऊ नका. एवढं करा माझं.