सर्व्हर बंद पडण्याचे मूळ कारण

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर श्रावणाची बारीक झड लागली होती. "तुमसर ना?" असे कुणाकडेही नीट न पाहता विचारत एक तरुण समोरच्या गाडीत चढू लागला.

"ओ, ही लाखांदूरची हाय," मागून प्रतिक्षा म्हणाली.

"कंडक्टर तर तुमसर म्हणून ओरडून राहिला…"

"तो बाजूच्या गाडीचा. पाटी वाचा ना जी!"

त्याने पाटी वाचली. मग तिच्याकडे पाहिले, पाटीपेक्षा अंमळ अधिक वेळ.

पुढच्या सोमवारी तोच तिच्या कार्यालयात नवा सहकारी म्हणून हजर झाला. सुगत; चिखल्याच्या खाणकामगाराचा मुलगा. प्रतिक्षा मोहाडीची. एका खासगी रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर बसून त्याचे सर्व्हर सांभाळणे हे दोघांचे काम. त्यात एकच शिस्त महत्त्वाची: संगणकाला कोणतीही आज्ञा देण्याआधी सर्व्हरचे नाव वाचायचे. या कामाला प्रतिक्षासारखी माणसे लागतात, लावलेले कुलूप ओढून पाहणारी.

"माणसंबी अशीच ओढून पाहतेस का?" सुगतने एकदा विचारले.

"माणसं जास्त…" ती स्क्रीनकडे पाहत म्हणाली. वाचले मात्र काहीच नाही.

एका सकाळी तो आपल्या वडिलांविषयी सांगत होता. ते खाणीतून परतले, की काळ्या धुळीने माखलेल्या चेहऱ्यात आई आधी त्यांचे डोळे शोधायची… प्रतिक्षा ऐकत होती. स्क्रीनवर दोन सर्व्हर शेजारी शेजारी उघडे होते: एक चाचणीचा, एक चालू कामाचा. तिने चाचणीचा सर्व्हर बंद केला — निदान तिला तसे वाटले. बंद झाला तो चालू कामाचा, आणि खाली रुग्णांच्या नोंदणीची रांग थबकली.

थोड्याच वेळात सारे सुरळीत झाले. इजा कुणाला झाली नाही. पण चूक झाली, की विभागप्रमुख कृष्णराव सर्वांना बसवून 'काहून', म्हणजे 'का', असे विचारत, आणि मिळालेल्या उत्तरालाही पुन्हा 'काहून', मूळ सापडेपर्यंत. शिक्षा नसे. मुळावर उपाय मात्र हमखास होई.

"सर्व्हर काहून बंद पडला?"

"मी चुकीचा बंद केला, सर."

"काहून?"

"नाव वाचलं नाई."

"तू? काहून?"

"लक्ष नव्हतं."

"काहून नव्हतं?"

झोप झाली नव्हती, असे म्हटले असते तर कुणीही मानले असते. समोरून सुगत डोळ्यांनी तेच सुचवत होता. खरे सांगितले, तर दोघांच्या पाळ्या वेगळ्या होणार, हे तिला स्वच्छ दिसत होते. पण खोटे कारण दिले, तर खरे कारण तसेच राहणार होते, आणि खाली रुग्णांची रांग होती.

"सुगत बोलून राहिला होता," ती म्हणाली. "अन् मले ऐकायचं होतं."

कृष्णरावांनी चष्मा पुसला. "उद्यापासून तू सकाळी, सुगत दुपारी." मग जरा हळू आवाजात, "याच्या पुढचं 'काहून' मी विचारत नाई."

जिन्यात सुगतने तिला गाठले. "झोपेचं सांगून मोकळी झाली असती ना! आता भेटू कवा आपण?"

"एका खोलीत राहिलो असतो, तर मी पुन्हा चुकली असती."

"पुन्हा?"

"रोज."

त्याचा राग जागीच विरघळला. कठड्यावरून बोट फिरवत त्याने विचारले:

"मोहाडीले येऊ का, तुझ्या घरी…? बाबाले घेऊन?"

कोणत्याही प्रश्नाला विचार करून उत्तर देण्याची तिची सवय होती. या वेळी उत्तर आधी आले.

"ये," ती म्हणाली, आणि तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलली नाही.