शेवटचा तांब्या

"आई, बाळाला न्हाऊ घालायचं नसेल तर सरळ सांगा ना! रोज रोज हे कण्हणं काहून?"

यशश्रीच्या त्या शब्दांनी सरोजिनीबाईंच्या काळजात चर्र झालं... दीक्षितपुऱ्यातल्या त्या घराच्या न्हाणीत त्या पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर चाळीस दिवसांचा नातू तेलाने चकाकत होता, आणि पाठीत सुरा फिरवावा तशी कळ उठत होती.

"काही नाही गं, लचक भरली असेल," असं सुनेला म्हणत त्यांनी भरली बादली जवळ ओढली, आणि पाठीत काहीतरी कट्‌कन तुटलं! डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बाळावरचा हात सुटला नाही.

"यशू, घे गं याला... आधी याला घे!"

सराफ्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला. तीन मणके दबले होते.

"अम्माजी, हड्डी वाली सुई कब लगी थी?"

सरोजिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. "दस महीने हो गए..."

"काय?" त्यांचा मुलगा अमेय ओरडलाच. "दर सहा महिन्यांनी घ्यायची सुई ना ती? तू तर म्हणाली होतीस, लावून आले!"

डॉक्टरांनी हताशपणे समजावलं. मागच्या खेपेला हाडांचा रिपोर्ट सुधारला होता तो त्या सुईच्याच जोरावर. ती एकाएकी थांबली की हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, मणके एकामागून एक बसतात. थांबवायचीच होती, तर विचारून दुसरं औषध घ्यायला हवं होतं! आता सुई पुन्हा सुरू होईल, पण दबलेला कणा पूर्वीसारखा होणार नाही. वाकणं, ओझं उचलणं... कायमचं बंद.

"काहून केलंस आई असं?"

"सुई लावली की आठ-दहा दिवस माझं अंग ठणकते रे. अन् तेव्हाच पोटुशी यशूला डॉक्टरीणबाईंनी खाटेवरून उठू नको म्हटलं होतं. तिला माहेरी आई नाही... तिचं लघवीचं भांडं कोणी उचललं असतं? रिपोर्ट तर चांगला होता. म्हटलं, बाळंतपण होऊ दे, मग घेऊ."

भिंतीशी उभ्या यशश्रीला हुंदका आवरेना. "अन् मी नाटक समजत राहिले, आई!"

"पोरी, मीच लपवलं. तुला कसं कळणार?"

पंधरा दिवसांनी यशश्री पहिल्यांदा पाटावर पाय पसरून बसली. न्हाणीसमोरच्या खाटेवर कमरेला पट्टा बांधून सरोजिनीबाई उताण्या पडल्या होत्या. वळून पाहता येत नव्हतं, नुसतं ऐकायचं.

"पहिले कोपर बुडवून पाणी पाहा... मान धर त्याची. घाबरू नको."

बाळ रडलं, मग शांत झालं. आता शेवटचा तांब्या, दृष्ट लागू नये म्हणून बाळावरून ओवाळून टाकायचा. त्यांचा हात नकळत हवेत उचलला गेला आणि तसाच खाली आला... पुन्हा कधी?

ओल्या पावलांचा आवाज खाटेपाशी थांबला. बाळाला पंच्यात गुंडाळून यशश्री उभी होती, दुसऱ्या हातात तो तांब्या. बाळावरून ओवाळून झाल्यावर तिने तो सासूवरूनही तीनदा ओवाळला.

"अगं, मला काहून?"

 यशश्री तशीच अंगणात गेली आणि पाणी दूर फेकून आली.