विरजण

इचलकरंजीतल्या दोन खोल्यांच्या घरवजा कार्यशाळेत कालिंदी मगदूम लोखंडी पेटीपुढे बसून होती. चाळीस दिवसांपूर्वी तिनं वारलेल्या नवऱ्याचा, अण्णाप्पांचा, सदरा घडी घालून पेटीत ठेवला होता, वर कुलूप लावलं होतं. आज आत ओंजळभर काळी माती होती.

"बाई गं, तूच तर गिऱ्हाइकांना सांगतेस," डॉ. नसीम बागवान म्हणाली. ती जंतुशास्त्रज्ञ, या धंद्यातली भागीदार आणि शाळेपासूनची मैत्रीण. "सजीववस्त्र जंतूंनी विणलेलं. अंगाचा घाम खाऊन जगतं, म्हणून धुवायला नको. महिनाभर कुणी घातलं नाही की उपाशी मरतं, माती होतं. मागे कचरा नाही."

"ठाऊक होतं गं! पण मी घातला तर माझा घाम लागेल, ह्यांचा पुसला जाईल. म्हणून जपून ठेवला. हात दाखवून अवलक्षण!" कालिंदीनं पेटीतली माती चिमटीत धरली. "ह्यांचं एवढंच उरलं होतं."

अण्णाप्पा गेल्यापासून तिनं दार उघडलं नव्हतं; आज नसीम आली तीही आपल्याकडच्या किल्लीनं. शेजारच्या चौगुलेवहिनी भाजीची वाटी घेऊन तीनदा परत गेल्या. कापड वाढवायचा हौदही सुकून खडखडीत झाला होता.

नसीमनं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "चार वर्षं नव्या कापडाला विरजण कशाचं लावत होतीस?"

"ह्यांच्याच सदऱ्याच्या दोऱ्याचं. तेच जंतू सगळ्यांत जोमदार."

"मग झालं तर. काल विरजलेल्या दह्यात परवाचंच दही असतं. अण्णाप्पांच्या घामावर पोसलेल्या जंतूंची पिलावळ सगळ्या गल्लीच्या अंगावर आहे. नाही ती फक्त तुझ्या."

खरंच होतं. गावाला सजीववस्त्र विकणारी कालिंदी स्वतः मात्र गिरणीची जुनी साडी नेसून बसली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! सगळ्यांना वाटून झालं होतं आणि घरात चिमूटभर उरलं नव्हतं.

नसीम गेल्यावर तिनं पेटी बाजूला सारली. मग उठली, फडताळातली वाटी घेतली आणि चाळीस दिवसांनी उंबरा ओलांडला. चौगुल्यांच्या दाराशी पाय अडला. आजवर हिच्याकडे लोक मागायला यायचे.

"वहिनी, तुमच्या पोलक्याचा एक दोरा द्याल का? विरजणाला. ह्यांचं... माझ्याकडचं संपलं."

वहिनी आत वळल्या. कात्री आणली आणि अंगातल्या पोलक्याची बाहीच कापून वाटीत ठेवली.

"घ्या. आणि आत या आधी, चहा टाकते."

कालिंदीनं वाटीत बोट घातलं. बाही अजून कोमट होती.