नऊचं तीन केलं तेव्हा

चित्र इतकं स्वच्छ होतं की आईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसला. चंद्रतळावरून तिला दर तीन आठवड्यांनी, सकाळी अकराला, दहा मिनिटं बोलायला मिळायचं.

"शाल्मली, नीट ऐक, मला इथे..." आई म्हणाली आणि पडदा काळा झाला.

मॉडेमचा दिवा लुकलुकत राहिला. जोडणी परत आली तेव्हा आईची वेळ संपली होती.

"सात मिनिटं छान चाललं होतं. मग आत्ताच का?" शाल्मली रडवेली झाली.

तिच्या आजोबांचं, अण्णांचं आयुष्य टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलं होतं. त्यांनी मॉडेमची सेटिंग उघडली. "नॉइज मार्जिन नऊचं तीन कुणी केलं?"

"मी. शाळेतला रोबो म्हणाला, वेग वाढतो. आई नेहमी धुरकट दिसते ना!"

"वाढतोच. अर्धंच सांगितलं त्यानं. पिठाच्या गिरणीत तू भरभर बोललीस तर मला कळतं का?"

"नाही. सावकाश बोलावं लागतं."

"तारेतही गोंगाट असतो. तो आणखी किती वाढला तरी बोलणं कळेल, ती राखीव जागा म्हणजे नॉइज मार्जिन. ती डेसिबलमध्ये (संकेत गोंगाटाच्या किती वर आहे, ते सांगणारं माप) मोजतात. तू जागा कमी केलीस, म्हणून मॉडेम भरभर बोलायला लागलं. गोंगाट वाढला की शब्द हरवतात. मग दोन्ही टोकांना पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं. त्यात गेली तीन मिनिटं."

"पण गोंगाट वाढला कशानं?"

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेतीपंपांची थ्री-फेज वीज आली होती. वीज येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटो शिवारात सगळ्यांनीच लावून ठेवलेला; सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या होत्या.

"मोटरींचा गोंगाट तारेत शिरतो. आणि टेलिफोनच्या खांबाखाली तर माझीच मोटर आहे," ते म्हणाले. "ऑटो काढायचा राहिला."

ते तसेच ऑटो काढायला मोटरीकडे निघाले.

तीन आठवड्यांनी मार्जिन पुन्हा नऊ होतं. अण्णांची मोटर बंद होती, बाकीच्यांच्या धडधडल्या. चित्र थरथरलं, पण तुटलं नाही.

"मला इथे आणखी एक वर्ष राहावं लागणार आहे," आई म्हणाली. "गेल्या वेळी तेच सांगत होते. ऐकू येतंय ना?"

तीळ दिसत नव्हता. आई रडतेय का, तेही कळत नव्हतं.

"शब्दन् शब्द येतोय," शाल्मली म्हणाली. "म्हणजे अजून सतरा फोन. एकही तुटू देणार नाही. तू बोल."